वारसा फेरी पोत्याच्या वाटेने न्या

सांगलीत पत्ता सांगताना 'वखारभागात' असे सहज म्हटले जाते. त्या नावातली वखार मात्र आता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. दुकाने, दवाखाने, अपार्टमेंट आणि पार्किंगची भांडणे, एवढेच आज दिसते. वखार हा शब्द आपल्या इतिहासात ठसला तो बंदरामुळे. राजापूरच्या खाडीकाठची इंग्रजांची वखार शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये खणून काढली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. समुद्रापासून इतक्या आत, कृष्णाकाठच्या गावातल्या एका अख्ख्या भागाला तेच नाव मिळावे, यातच या गावाचे पोट कशावर चालले ते सांगितलेले आहे. सांगली हे जहाजे नसलेले बंदर आहे. माल इथे येतो, थांबतो, भाव मिळेपर्यंत मुरतो आणि पुढे जातो.

अशा गावात जुन्या व्यापारी पेठांची मार्गदर्शकासह पायी फेरी सुरू व्हावी का, हा प्रश्न अधूनमधून निघतो आणि मागे पडतो. ती सुरू व्हावीच. पण मंदिर, राजवाडा, जुना वाडा आणि शेवटी भडंग या नेहमीच्या साच्यात तिला बसवायचे असेल, तर त्या खटाटोपाची गरज नाही. सांगलीच्या फेरीचा नायक पोते असले पाहिजे. पोते कुठून आले, कुणी उतरवले, कुणी तोलले, कुठे ठेवले, का कुजले, कुणी विकत घेतले, या क्रमाने पायांनी चालत जायचे. आणि हे सांगणाऱ्या दोघांपैकी एक जण असा हवा, ज्याच्या पाठीवरून ते पोते गेले आहे.

सांगलीचा अभिमान बहुतेक नाटकाभोवती फिरतो, आणि ते रास्तच आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथे केलेल्या प्रयोगापासून मराठी रंगभूमीची मोजणी सुरू होते. चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीचे संस्थान उभे केले, गणपतीचे मंदिर बांधले, पेठ वसवली, हेही सांगितले जाते. पण पेठ वसवणे म्हणजे काय, तिथे कोण येऊन राहिले, त्यांनी कसला माल भरला, हा भाग एका वाक्यात संपतो. हळद, गूळ, शेंग, मिरची, बेदाणा या मालावर ज्या गावाची घरे, शाळा, देणग्या आणि नाटकेही चालली, त्या गावाच्या वारशात तो माल नसावा, ही मोठी उणीव आहे.

बंदरांच्या शहरांनी हे काम आधी केलेले आहे. त्यांचे यश आणि त्यांची चूक, दोन्ही आपल्या उपयोगाची आहेत. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा श्पायशरश्टाट हा गोदामांचा भाग १८८३ पासून बांधायला घेतला गेला आणि १८८८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. लाकडी खुंटांवर उभारलेल्या या लाल विटांच्या इमारतींना एका बाजूने कालवा आणि दुसऱ्या बाजूने रस्ता आहे. वरच्या त्रिकोणी माथ्यापाशी यारी असे. होडीतले पोते थेट हव्या त्या मजल्यावर खेचून घ्यायचे, आणि विक्री झाली की दुसऱ्या बाजूने गाडीत सोडायचे. कॉफी, चहा, मसाले, गालिचे यांची ही कोठारे २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिथली चांगली फेरी इमारतीचे सौंदर्य सांगून थांबत नाही. यारीची दोरी कुठून कुठे जायची हे ती दाखवते, आणि ही गोदामे उभी करण्यासाठी सुमारे २० हजार माणसांची वस्ती उठवली गेली, हेही सांगते. लिव्हरपूलचे उदाहरण उलटे आहे. १८४६ मध्ये खुली झालेली तिथली अल्बर्ट डॉक ही गोदामे आगीला तोंड देता यावे म्हणून लोखंड, वीट आणि दगड यांचीच बांधली होती. त्या इमारती उत्तम दुरुस्त झाल्या, पण शहराने बंदराच्या काठावर नवी बांधकामे वाढवत नेली आणि २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा गमावला. इमारत वाचली म्हणून परिसर वाचतोच असे नाही.

आपल्याकडे आणखी एक मोठा फरक आहे. हॅम्बुर्ग-लिव्हरपूलची जुनी गोदामे आज बहुतांशी संग्रहालये, कार्यालये आणि खानावळी झाली आहेत. सांगलीत व्यापार जिवंत आहे. तो पेठेतून मार्केट यार्डात सरकला, एवढेच. बैलगाड्यांची जागा ट्रकने घेतली तेव्हा गल्ल्या अपुऱ्या पडल्या. बाजार समितीच्या कायद्यांनी सौदे, तोलाई आणि पट्टी एका आवारात आणली. मग पेठेतली मागची वखार रिकामी होत गेली आणि पुढची पेढी तेवढी उरली. हा बदल एका सकाळी चालत-पाहत समजू शकतो, असे गाव महाराष्ट्रात विरळा.

आता वाटेविषयी. सुरुवात आयर्विन पुलापाशी करावी. १९२९ चा हा पूल होण्याआधी पलीकडचा माल नावेने किंवा उतारावरून यायचा, म्हणजे पाऊस लागला की बाजाराचा एक हातच बांधला जायचा. पुलावरची पाण्याची मोजपट्टी दाखवावी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले आणि २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर. हे आकडे इथेच सांगायचे, कारण पुढच्या प्रत्येक थांब्यावर त्यांचा संदर्भ लागणार आहे.

तिथून गणपती पेठ. इथे मार्गदर्शकाने तारखा बाजूला ठेवाव्यात आणि इमारत वाचायला शिकवावे. जुन्या अडत दुकानाचे जोते उंच का? बैलगाडीच्या साट्याच्या उंचीला ते आणले, की पोते खाली उतरवून पुन्हा वर चढवायचे कष्ट वाचतात, आणि रस्त्यावरचे पाणीही आत शिरत नाही. दर्शनी बाजू अरुंद आणि खोली लांबलचक का? पुढे गादी-तक्क्याची पेढी, मधे तोलायची जागा, मागे वखार, अशी मालाची रांग लागावी म्हणून. खिडक्या छपराजवळ का? गरम हवा वरून निघून जावी, पण ऊन आणि पावसाची झड मालावर येऊ नये. हळदीला तर उजेडच बाधतो. तिला रंग देणारे कुरकुमिन प्रकाशात उतरत जाते, आणि रंग उतरला की भाव उतरतो. लाकडी खांबांवर पोत्यांच्या घासण्याने चकाकी आलेली असते. ती कुठवर गेली आहे ते पाहिले की थप्पी किती उंच लागत असे याचा अंदाज येतो.

थप्पी हा स्वतंत्र थांबा असावा. पोती थेट जमिनीवर ठेवली की खालची रांग ओल ओढून घेते. म्हणून खाली लाकडी फळ्या किंवा चौकटी हव्यात. भिंतीपासून दोन-अडीच फूट अंतर हवे, नाहीतर भिंतीची ओल लागते, उंदीर दिसत नाहीत आणि फवारणीला माणूस आत जाऊ शकत नाही. एका रांगेत पोती आडवी आणि वरच्या रांगेत उभी घातली की थप्पी एकमेकांत बांधली जाते. सगळी एकाच दिशेने रचली तर एक पोते काढताना बाकीची अंगावर येतात. प्रत्येक हमालाला हे माहीत असते, आणि पेठेत वर्षानुवर्षे राहणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नसते.

त्यानंतर वखारभागातून फिरून मार्केट यार्ड. इथे वेळ फार महत्त्वाची. बाजार बंद असलेल्या दिवशी फेरी ठेवली तर शटर पाहून परतावे लागेल. ऐन सौद्याच्या गर्दीत वीस जण घुसवले तर कामाचा खोळंबा होईल आणि दुसऱ्या फेरीला कुणी दारात उभे करणार नाही. सौदे सुरू होण्याआधीचा तासभर, ढीग मांडले जात असताना, सगळ्यात चांगला. हळकुंडे वेगळी, गड्डे वेगळे, कणी वेगळी. मालकाच्या परवानगीने एक हळकुंड हातात घेऊन मोडायला द्यावे. नीट वाळलेले असेल तर खणकन मोडते, ओले असेल तर वाकते. आतला गाभा केशरीकडे झुकणारा असला की खरेदीदार पुढे सरकतो. शेतातून निघालेली १०० किलो ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून ढिगात येते तेव्हा साधारण २० किलोच उरते, हे इथे सांगितले की भावाबद्दल शेतकरी एवढा हळवा का असतो ते शहरी माणसाला कळते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण सांगलीत विकली जाणारी सगळी हळद सांगलीत पिकत नाही. कर्नाटक, तेलंगण, मराठवाडा इथूनही ती येते. हे लपवू नये. बंदराचे मोठेपण दुसऱ्याचा माल विश्वासाने विकण्यातच असते.

सांगणारा कोण असावा, हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा. वास्तुविशारद, इतिहासाचे प्राध्यापक, पर्यटनाचे शिक्षण घेतलेली मुले हवीतच. पण त्यांच्या जोडीला निवृत्त हमाल, तोलाईदार, दिवाणजी किंवा पोती शिवणारी, माल निवडणारी बाई हवी. 'माथाडी' या शब्दातच माथा आहे. त्या माथ्यावरच्या ओझ्याला कायद्याचे संरक्षण द्यायला महाराष्ट्राला १९६९ साल उजाडावे लागले. एक क्विंटलचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय कसा टाकायचा, हुक पोत्यात कुठे अडकवायचा म्हणजे माल सांडत नाही, दाभणाने तोंड शिवताना कान का सोडायचे, हे पुस्तकात नाही. ही माणसे साठी-सत्तरीत आहेत. क्विंटलची पोती गेली, पन्नास किलोची आली, माल वाहणारे सरकते पट्टे आणि लिफ्ट आल्या, आणि ते चांगलेच झाले. पण त्या पाठींनी काय केले ते सांगणारे आणखी दहा वर्षांनी नसतील.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. कष्ट करणाऱ्या माणसाचे प्रदर्शन मांडायचे का? पाठीवर ओझे असलेल्या माणसापुढे मोबाईल धरून उभे राहणे अशोभनीय आहे, यात शंका नाही. म्हणून नियम कडक हवा. काम करत असलेल्या माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, त्याची वाट अडवायची नाही, आणि जो बोलणार त्याला मानधन द्यायचे. चहा-बिस्किटावर भागवायचे नाही. आजही त्या माणसाकडे रोज पाहिले जातेच, फक्त कुणी त्याचे ऐकत नाही. त्याला सांगणाऱ्याच्या जागी बसवले, की पाहणाऱ्याची नजर बदलते.

पैशांचे गणित अवघड नाही. एका फेरीत १५ पेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत. पेठेच्या गल्लीत हातगाडी, दुचाकी आणि टेम्पो यांच्यामधून त्याहून मोठा घोळका एकत्र राहत नाही, आणि शेवटच्याला ऐकूही येत नाही. माणशी १५० रुपये धरले तर २,२५० रुपये जमतात. त्यातले १,००० मार्गदर्शकाला, ६०० सोबतच्या जुन्या कामगाराला, ३०० वखार दाखवणाऱ्या मालकाच्या झाडलोटीला आणि ३५० पाणी, मास्क, विमा यांना. फुकट फेरीचा मोह टाळावा. फुकट असली की नाव नोंदवून निम्मे येत नाहीत, आणि मार्गदर्शक दोन महिन्यांत कंटाळतो. शाळांसाठी मात्र महापालिकेने किंवा बाजार समितीने खर्च उचलावा.

मास्क म्हटले ते उगाच नाही. मिरचीच्या गोदामाच्या नुसत्या दारातून गेले तरी ठसका लागतो. दम्याच्या माणसाला नाव नोंदवतानाच विचारले पाहिजे आणि तो थांबा त्याच्यासाठी वगळला पाहिजे. पेठेत शौचालयाची सोय कुठे आहे हे आधी ठरवून ठेवावे. वयस्क माणसे आणि बायका फेरीला येत नाहीत, त्याचे निम्मे कारण हेच असते. एकूण वेळ अडीच तास, एका थांब्यावर सात-आठ मिनिटे, आणि थांबा नेहमी सावलीत, रस्त्याच्या एका अंगाला. जोत्यावर चढून बोलले तर आवाज पोहोचतो, चालता चालता बोललेले कुणालाच ऐकू जात नाही. हंगाम जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत. तेव्हा नवी हळद येते आणि सकाळी ऊन सोसवते. जून ते सप्टेंबर फेरी बंदच ठेवावी.

आणखी एक गोष्ट कटाक्षाने टाळायला हवी. जुन्या वाड्यापाशी आले की भुयाराची गोष्ट निघते. इथून निघालेले भुयार नदीपलीकडे जाते, घोडेस्वार त्यातून जायचा, वगैरे. ऐकणाऱ्याला ती आवडते आणि सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात. पण अशी एक गोष्ट खरी म्हणून खपवली की पुढच्या दहा खऱ्या गोष्टींची किंमत जाते. आख्यायिका सांगायची तर आख्यायिका म्हणूनच. खरी जमिनीखालची नवलाई पाहायची असेल, तर ती तीन-चार किलोमीटरवर हरिपुरात आहे.

हरिपूरची पेवे, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारे, हा या फेरीचा कळस, आणि त्यासाठी वाहनाने जावे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची इथली माती घट्ट आणि खोल. खणत गेले तरी दगड लागत नाही, भिंत ढासळत नाही आणि ओल धरत नाही. त्या मातीत पंधरा-वीस फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा घ्यायचा, तळाला आणि भिंतींना वाळला पाला लावायचा, हळद ओतायची आणि तोंड फरशीने झाकून मातीने लिंपायचे. बंद झालेल्या पेवात माल उरलेला प्राणवायू वापरून टाकतो आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. किडीला जगायला हवा मिळत नाही. उजेड नाही म्हणून रंग टिकतो. तापमान बारा महिने जवळपास सारखे राहते. विजेचा एक युनिटही न जाळता हळद वर्षानुवर्षे ठेवणारे हे शीतगृहाआधीचे शास्त्र आहे, आणि ते कुठल्या प्रयोगशाळेत जन्मले नाही.

ज्या कारणाने पेवात कीड मरते, त्याच कारणाने माणूसही मरतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरलेली माणसे गुदमरून गेल्याच्या घटना हळदीच्या मुलखात जुन्या आहेत. म्हणून तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू द्यायची आणि आधी कंदील सोडून पाहायचा, ही रीत पडली. फेरीत ही रीत सांगावी, पण तिच्यावर विसंबू नये. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. ज्योत विझते ती तो १६ टक्क्यांच्या आसपास आल्यावर, म्हणजे ज्योत जळत असतानाही हवा माणसासाठी अपुरी असू शकते. शिवाय कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे तळाशी बसतो. फेरीतला कुणीही, कितीही हौस असली तरी, पेवात उतरणार नाही, हा नियम अपवादाशिवाय हवा. तोंडाभोवती तीन फुटांवर कठडा करावा, आत दिवा सोडून वरून दाखवावे आणि शेजारी पेवाचा उभा छेद दाखवणारा मातीचा नमुना ठेवावा. मुलांना तोच जास्त कळतो.

२००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि साठवलेली हळद कुजली. पुढे २०१९ मध्ये पुन्हा तेच पाणी आले. व्यापाऱ्यांचा विश्वास उडाला, माल शीतगृहांकडे आणि पक्क्या गोदामांकडे वळला, आणि बरीच पेवे बुजली किंवा बुजवली गेली. सगळी पुन्हा वापरात यावीत असे म्हणणे व्यवहाराला धरून होणार नाही. पूररेषेच्या आत हळद ठेवायला आज कुणी विमा देणार नाही. पण दोन-तीन पेवे जुन्या रीतीने दुरुस्त करून दरवर्षी थोडी हळद भरून दाखवता येईल, आणि मालकाला त्या जागेचे भाडे देता येईल. भाडे दिल्याशिवाय कुणीही अंगणातला खड्डा वारसा म्हणून सांभाळणार नाही, आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे.

हेच पेठेतल्या वखारींनाही लागू आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा इमारतींची यादी करण्याची तरतूद आहे. यादीत नाव गेले की विकता येत नाही, बांधता येत नाही, अशी भीती मालकांना वाटते, आणि त्या भीतीपोटी यादी होण्याआधीच भिंत पडते. महापालिकेने आधी मालकांशी बोलावे, दर्शनी भाग आणि जोते राखून मागे काय बांधता येईल हे नकाशावर दाखवावे, घरपट्टीत सवलत द्यावी, आणि मगच यादी जाहीर करावी. पेढ्यांवरची जुनी दप्तरे, मोडीतले रोजमेळ आणि खतावण्या याच काळात रद्दीत जातात. किमान त्यांचे फोटो काढून ठेवण्याची सोय एखाद्या महाविद्यालयाने करावी. कुठल्या साली कुठून किती पोती आली हे फक्त तिथेच लिहिलेले आहे.

पहिले काम मात्र याहून लहान आहे आणि या उन्हाळ्यातच करता येईल. गणपती पेठ आणि वखारभागातल्या भिंतींवर २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या खुणा अजून कुठे कुठे दिसतात. रंगकाम झाले की त्या जातात. चार विद्यार्थी, एक मोजपट्टी, तेलरंगाचा एक डबा आणि मालकाची परवानगी एवढ्यावर प्रत्येक खुणेपाशी साल आणि उंची लिहिता येईल. त्याच विद्यार्थ्यांनी हरिपुरात जाऊन उरलेल्या प्रत्येक पेवाची खोली, तोंडाची रुंदी, शेवटचे कधी भरले आणि कुणी लिंपले, हे वहीत उतरवावे. लिंपणाऱ्याचे नाव आधी लिहावे.